समुद्रसन्निध दोन वस्त्या : गिरगाव व शिवाजी पार्क यांच्यातील घरनिवडीचा इतिहास

१. विषयाचे स्वरूप

मुंबईच्या विसाव्या शतकातील सामाजिक इतिहासाचा विचार करताना गिरण्या, गोद्या, व्यापारी पेढ्या आणि राजकीय चळवळी यांकडे अभ्यासकांचे लक्ष स्वाभाविकपणेच प्रथम जाते. त्या मानाने पगारदार कुटुंबाने बिऱ्हाड कोठे थाटावे हा प्रश्न निव्वळ घरगुती समजला जाऊन मागे पडतो. वस्तुतः शहराची घडण जशी नगरपित्यांच्या ठरावांनी होते, तशीच ती हजारो कुटुंबांनी स्वतंत्रपणे केलेल्या अशा निवडींनीही होते. या निवडी कोणत्या परिस्थितीत झाल्या, त्यांत काय मिळाले आणि कशावर पाणी सोडावे लागले, हे पाहिल्यावाचून मुंबईतील मराठी मध्यमवर्गाचा इतिहास पुरा होत नाही.

या दृष्टीने गिरगाव व शिवाजी पार्क या दोन वस्त्यांची तुलना उद्बोधक ठरते. दोन्ही मुंबई बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर आहेत, दोन्हींना चौपाटी आहे, आणि दोन्हींत मराठी भाषिक मध्यमवर्गाचे प्राबल्य दीर्घकाळ राहिले. ठाकुरद्वारापासून चौपाटीपर्यंत आणि क्वीन्स रोडच्या, म्हणजे आजच्या महर्षी कर्वे मार्गाच्या, पूर्वेस पसरलेला वाड्यांचा व चाळींचा प्रदेश तो येथे गिरगाव समजला आहे. लेडी जमशेटजी रस्ता आणि समुद्र यांच्या दरम्यान मैदानाभोवती वसलेला दादर-माहीमचा भाग तो शिवाजी पार्क. सुमारे १९२५ ते १९४० या काळात कचेरीत नोकरी करणाऱ्या गृहस्थापुढे या दोहोंपैकी एकाची निवड करण्याचा प्रश्न खरोखरीच उभा होता. तत्पूर्वी तो उद्भवला नव्हता आणि त्यानंतर तो फार काळ टिकला नाही. असे का झाले, हे दाखविणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

२. वाड्यांची भूमी

प्रथम हे ध्यानात घ्यावयास हवे की, मुळात या दोन प्रदेशांत फारसा भेद नव्हता. दोन्ही ठिकाणी नारळी-पोफळीच्या व फळझाडांच्या वाड्या होत्या. कोळी व भंडारी हे दोन्हीकडचे जुने रहिवासी. फणसवाडी, केळेवाडी, कांदेवाडी, आंबेवाडी ही गिरगावातील नावे त्या बागायतीची साक्ष देतात. बागा गेल्या, त्यांच्या जागी घरे व चाळी आल्या. परंतु वाडीची हद्द, तिची अरुंद बोळ आणि एकच प्रवेशद्वार ही रचना बहुतांशी तशीच राहिली. गिरगावचा दाटपणा हा केवळ लोकसंख्येचा परिणाम नसून, बागेच्या आखणीवर शहर उभे राहिल्याचाही तो परिणाम होय.

माहीमकडील नारळीची बने मात्र विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत टिकून राहिली. कोट व त्याभोवतालचे जुने शहर यांपासून हा भाग दूर होता. १८४५ च्या सुमारास लेडी जमशेटजी यांच्या देणगीतून माहीमचा पूल बांधला गेला व वांद्र्याशी दळणवळण सुलभ झाले. तथापि कोटातील कारकुनाने रोज तेथून ये-जा करावी, इतके ते अंतर त्या काळी आटोक्यातले नव्हते.

समुद्रकाठ म्हणजे राहण्याची हौसेची जागा, ही कल्पनाही फार जुनी नव्हे. किनारा हा कोळ्यांच्या होड्यांचा, जाळ्यांचा आणि सुकत घातलेल्या मासळीचा. गिरगावच्या बाबतीत तर समुद्र आणि वस्ती यांमध्ये अडसर उभे राहत गेले. १८६५ साली शेअरबाजाराचा फुगा फुटला आणि त्याबरोबर बॅकबे भरणीची मोठी योजना कोसळली. जी पट्टी भरून झाली होती, तिच्यावरून पुढे बॉम्बे बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचा मार्ग गेला. शेजारी क्वीन्स रोड, सोनापूरची स्मशानभूमी, रुळांपलीकडे जिमखान्यांची मैदाने आणि अखेरीस १९३० नंतरच्या दशकात तयार झालेला मरीन ड्राइव्ह, अशी ही मालिका आहे. यामुळे गिरगावच्या वाड्यांतील बहुतेक बिऱ्हाडांना समुद्र जवळ असूनही घरातून दिसत नव्हता. तो भेटे चौपाटीवर, संध्याकाळी पायी गेल्यावर.

३. प्लेग आणि समुद्राचा वारा

या स्थितीला कलाटणी देणारी घटना म्हणजे १८९६ सालची प्लेगची साथ. सप्टेंबर महिन्यात मांडवी भागात रोगाचे निदान झाले आणि थोड्याच महिन्यांत लोक लाखोंच्या संख्येने शहर सोडून गेले. या आपत्तीतून १८९८ च्या कायद्याने सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्त्या पाडणे, नवे रस्ते काढणे आणि शहराच्या उत्तरेकडील मोकळी जमीन वसाहतीसाठी आखून देणे, ही त्याची मुख्य कामे होती.

ट्रस्टच्या आरंभीच्या कार्यामागे एक वैद्यकीय समजूत होती. ती अशी की, कोंदट हवा हे रोगाचे मूळ असून समुद्राचा वारा हा त्यावरील उतारा आहे. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड हे पूर्व-पश्चिम रस्ते काढताना पश्चिमेचा वारा दाट वस्तीत खेळावा हा एक उद्देश होता. सँडहर्स्ट रोडचा आरंभ चौपाटीपाशीच होतो. अशा रीतीने समुद्राचा वारा ही नगररचनेतील एक मोजावयाची वस्तू बनली. घर निवडणाऱ्या गृहस्थाच्या तोंडी ‘हवेशीर’ हा शब्द पुढे जो सारखा येऊ लागला, त्याला प्लेगच्या आठवणीची पार्श्वभूमी होती.

परंतु जुन्या वस्तीतून रस्ते काढल्याने घरे कमी होतात, वाढत नाहीत. १९०१ साली शहराची लोकसंख्या पावणेआठ लाख होती. १९४१ साली ती सुमारे पंधरा लाख झाली. वाढत्या मध्यमवर्गाला सामावून घेणे दक्षिणेत शक्य नव्हते. गिरगावालगतच्या गावदेवीत ट्रस्टच्या आखणीवर काही नवी घरे झाली आणि तेथेच १९१५ साली सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्थेची नोंदणी होऊन सहकारी तत्त्वावर घरे बांधण्याचा देशातील पहिला महत्त्वाचा प्रयोग झाला. तथापि ही जागा मर्यादित होती. खरा विस्तार झाला तो दादर-माटुंग्याकडे.

४. शिवाजी पार्कचा उदय

दादरच्या पूर्वेस हिंदू कॉलनी व पारशी कॉलनी या वसाहती ट्रस्टच्या योजनेतून उभ्या राहिल्या. पश्चिमेस समुद्राच्या बाजूला महानगरपालिकेने १९२५ साली माहीम पार्क हे मैदान लोकांस खुले केले. १९२७ साली, तेव्हाच्या गणनेप्रमाणे शिवाजी महाराजांच्या जन्मास तीनशे वर्षे होत असता, महानगरपालिकेच्या सभासद अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने त्याचे शिवाजी पार्क असे नामकरण झाले. सुमारे अठ्ठावीस एकरांचे हे मैदान आधी झाले आणि त्याभोवतीच्या इमारती मागाहून उठल्या, हा क्रम महत्त्वाचा आहे. गिरगावात घरे आधी व मोकळी जागा उरली तर मागाहून. येथे त्याच्या उलट.

मैदानाभोवतीच्या इमारती बहुधा दोन-तीन मजली होत्या. त्यांतील राहण्याच्या जागेस ‘ब्लॉक’ हे नाव रूढ झाले. ब्लॉक म्हणजे स्वतंत्र दार, दोन किंवा तीन खोल्या, स्वयंपाकघर आणि विशेष म्हणजे घरातच न्हाणीघर व शौचकूप. चाळीत नळ व शौचकूप सामाईक असून ते गॅलरीच्या टोकाला असत. शौचकूप घराच्या चार भिंतींच्या आत असणे जुन्या सोवळ्याच्या कल्पनांत बसणारे नव्हते. ते मान्य होण्यास सांडपाण्याची नवी व्यवस्था जितकी कारणीभूत झाली, तितकीच नव्या पिढीची बदललेली दृष्टीही.

या वस्तीला खरी जोड मिळाली ती विजेच्या आगगाडीची. ५ जानेवारी १९२८ रोजी कुलाबा-बोरिवली मार्गावर विजेच्या गाड्या सुरू झाल्या. दादर हे दोन्ही रेल्वेमार्गांचे स्थानक असल्याने चर्चगेट आणि बोरीबंदर या दोन्ही टोकांच्या कचेऱ्या तेथून साधता येऊ लागल्या. ट्राम होतीच, ३१ मार्च १९६४ रोजी शहरातील जी शेवटची ट्राम धावली, ती बोरीबंदर व दादर यांच्या दरम्यानचीच.

५. कुटुंबाचा हिशेब

आता त्या काळच्या एखाद्या कारकुनाने किंवा शिक्षकाने या दोन वस्त्यांचा तोल कसा केला असेल, हे पाहणे शक्य आहे.

पहिली बाब अंतराची. चर्नी रोडपासून चर्चगेट हे अंतर दोन-अडीच किलोमीटरांचे. कोटातील कचेरीस गिरगावकर पायी जाऊ शके. दादरपासून चर्चगेट सुमारे दहा किलोमीटर. म्हणजे शिवाजी पार्कला राहावयाचे तर आगगाडीचा पास हा भाड्याचाच एक भाग धरावा लागे, आणि दिवसातील काही वेळ गाडीला द्यावा लागे.

दुसरी बाब भाड्याची. चाळीतील एक वा दोन खोल्यांच्या मानाने ब्लॉकचे भाडे साहजिकच अधिक. ज्या घरात एकटा मिळवता, आणि कोकणातील घरी दरमहा मनीऑर्डर जावयाची, तेथे हा फरक निर्णायक ठरे. याउलट दोन भाऊ मिळवते असतील, किंवा नोकरी सरकारी व निवृत्तिवेतनाची असेल, तर ब्लॉक आवाक्यात येई.

तिसरी बाब सोबतीची. गिरगावात खानावळ, वैद्य, भटजी, छापखाना, वाचनालय, नाटकाचे थिएटर आणि गावाकडचा माणूस हे सारे हाकेच्या अंतरावर होते. १८९३ साली केशवजी नाईकांच्या चाळीत सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला तो अशाच शेजाराच्या बळावर. चाळीत आजारपण, बाळंतपण वा मर्तिक कोणा एका बिऱ्हाडाचे नसे. नव्याने मुंबईस आलेल्या तरुणास नातेवाइकाच्या खोलीत पथारी पसरण्यापुरती जागा मिळे, आणि तेवढ्यावर त्याची पहिली नोकरी साधे. ही एक प्रकारची विमाव्यवस्थाच होती. तिचा हप्ता पैशांत नव्हे, तर एकांताच्या अभावात भरावा लागे.

चौथी बाब स्त्रियांची व मुलांची. चाळीतील गृहिणीचा दिवस नळाच्या वेळेवर बांधलेला असे. पाणी भरणे, ते साठविणे आणि गॅलरीतून ने-आण करणे हे कष्ट तिच्याच वाट्याचे. ब्लॉकमध्ये हे कष्ट कमी झाले. पण बंद दारामुळे शेजारणीशी चालता-बोलता होणारा व्यवहारही कमी झाला. मुलांना मात्र शिवाजी पार्कला निःसंशय लाभ झाला. शाळा सुटल्यावर जावयाचे ठिकाण म्हणून एवढे विस्तीर्ण मैदान दक्षिण मुंबईतील कोणत्याही चाळीस उपलब्ध नव्हते. मुंबईच्या क्रिकेटमध्ये या मैदानाला जे स्थान प्राप्त झाले, त्याचे बीज या साध्या वस्तुस्थितीत आहे.

पाचवी बाब शिक्षणाची. येथे आरंभी गिरगावचे पारडे जड होते. विल्सन महाविद्यालयाची इमारत १८८९ पासून चौपाटीवर उभी आहे आणि नामांकित मराठी शाळा आसपासच होत्या. परंतु १९३७ साली माटुंग्यास रुइया महाविद्यालय निघाले, १९४० साली शिवाजी पार्कला बालमोहन विद्यामंदिर सुरू झाले आणि १९५४ साली प्रभादेवीच्या किनाऱ्याजवळ कीर्ती महाविद्यालय स्थापन झाले. त्यामुळे हे पारडे हळूहळू समतोल झाले.

या हिशेबात समुद्राचे स्थान कोणते? नवल असे की, ते फारच थोडे होते. शिवाजी पार्कचा रहिवासी समुद्रापेक्षा मैदानासाठी तेथे गेला, आणि गिरगावकर समुद्रापेक्षा कचेरीच्या सान्निध्यासाठी गिरगावात राहिला. समुद्र दोघांचाही होता, पण तो घरात नव्हता. तो सार्वजनिक होता. गणेशविसर्जन दोन्ही चौपाट्यांवर होई. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळकांचा अंत्यविधी गिरगाव चौपाटीवर झाला, आणि ७ डिसेंबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा दादरच्या किनाऱ्यावर. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात शिवाजी पार्कच्या सभांना जे महत्त्व आले, त्याचेही कारण हेच की, वस्तीच्या मध्यभागी सर्वांची अशी मोकळी जागा होती.

६. निवडीचा अंत

१९४० पर्यंतची ही निवड बदलता येण्याजोगी होती, ही गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. बहुतेक सर्व कुटुंबे भाडेकरू होती. पगार वाढला तर गिरगावातून दादरला जाता येई. नोकरी गेली तर परतता येई. बिऱ्हाड हलविणे हा मुंबईच्या जीवनाचा नेहमीचा भाग होता.

दुसऱ्या महायुद्धाने ही स्थिती पालटली. बांधकामाचे साहित्य दुर्मिळ झाले, शहरात माणसांची भर पडली आणि फाळणीनंतर निर्वासित आले. १९५१ साली बेटाची लोकसंख्या सुमारे तेवीस लाखांवर गेली होती. अशा वेळी भाडेकरूंच्या संरक्षणार्थ १९४७ चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा झाला. १ सप्टेंबर १९४० रोजी जागेचे जे भाडे होते, ते सामान्यतः प्रमाणभूत भाडे ठरले. भाडेकरूस सहजासहजी काढता येईना, आणि त्याच्या पश्चात त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबीयांस तो हक्क मिळू लागला.

या कायद्याने लक्षावधी कुटुंबांस रस्त्यावर येण्यापासून वाचविले, यात शंका नाही. परंतु त्याचा एक परिणाम असा झाला की, ज्याने १९३८ साली गिरगावात खोली घेतली, त्याची निवड त्याच्या नातवापर्यंत कायम झाली. जुन्या भाड्याची जागा सोडणे म्हणजे ती कायमची गमावणे. नवी जागा हवी तर पागडी मोजावी लागे. पागडी घेणे कायद्याने गुन्हा होता. तरीही व्यवहार तिच्यावाचून होत नसे. पगारदार माणसाजवळ एवढी रोकड नसे. ज्याच्या वाट्याला जे घर आले होते, तेच त्याचे घर झाले.

घरमालकाच्या बाजूनेही हा प्रश्न होता. गोठलेल्या भाड्यातून डागडुजीचा खर्च निघेना, आणि इमारती जीर्ण होत गेल्या. १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ स्थापन करून उपकर बसविण्यात आला. बेटावरील जुन्या इमारती मोडकळीस येण्याचा वेग या मंडळाच्या दुरुस्तीच्या वेगाहून अधिक होता. गिरगावच्या चाळी वयाने अधिक आणि बांधणीने लाकडी. त्यामुळे त्यांना ही झळ आधी लागली. शिवाजी पार्कच्या इमारतींना ती उशिरा लागली, एवढाच काय तो भेद.

दरम्यान घर भाड्याने घेण्याची पद्धत मागे पडून विकत घेण्याची पद्धत रूढ झाली. १९६३ च्या मालकी सदनिकांच्या कायद्याने या व्यवहारास चौकट दिली. घर ही वस्ती निवडण्याची बाब न राहता भांडवल गुंतविण्याची बाब झाली. या नव्या बाजारात समुद्रास प्रथमच स्वतंत्र किंमत आली. जो समुद्र १९३० च्या हिशेबात जवळजवळ नव्हता, तो आता प्रत्येक चौरस फुटाच्या दरात दिसू लागला. १९९१ च्या विकासनियमांनी जुन्या उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्बांधणीस वाढीव चटईक्षेत्राचे प्रोत्साहन दिले. त्याच वर्षीच्या किनारा नियमन अधिसूचनेने समुद्रालगतच्या बांधकामावर बंधने आणली. महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला व त्याने पागडीच्या व्यवहारास कायदेशीर मान्यता दिली. पण तोपर्यंत दोन पिढ्या उलटल्या होत्या.

या दोन पिढ्यांतील धाकट्या भावांचे काय झाले, याचे उत्तर उपनगरांत मिळते. थोरला चाळीतच राहिला, कारण भाड्याची पावती वडिलांच्या नावावरून त्याच्या नावावर झाली. धाकटा पार्ले, गोरेगाव, मुलुंड आणि पुढे डोंबिवलीस गेला. त्याच्यापुढे गिरगाव की शिवाजी पार्क हा प्रश्न आलाच नाही. आजोबांनी ज्या दोन किनाऱ्यांचा तोल केला होता, त्यांपैकी एकही नातवाच्या आवाक्यात राहिला नाही.

७. निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. एक, गिरगाव व शिवाजी पार्क यांतील भेद हा निसर्गाने केलेला नाही. एकाच प्रकारच्या वाड्यांच्या भूमीवर एकीकडे शहर आपोआप दाटत गेले आणि दुसरीकडे ते प्लेगनंतरच्या विचाराने आखले गेले. भेद या इतिहासाचा आहे. दोन, कुटुंबांनी निवड करताना समुद्रापेक्षा कचेरीचे अंतर, भाडे, शेजार, पाणी आणि मुलांची शाळा यांना अधिक महत्त्व दिले. तीन, ही निवड शक्य झाली ती भाड्याची जागा माफक दराने मिळत होती व सोडताही येत होती म्हणून. जागा मिळेनाशी झाली तेव्हा कायद्याने असलेल्यांना संरक्षण दिले, पण नव्याने येणाऱ्यांसाठी पुरेशी घरे झाली नाहीत. आणि संरक्षण व अडकून पडणे या दोन्ही गोष्टी एकाच पावतीने हाती आल्या.

ऑक्टोबर २०२५ मध्ये भुयारी मेट्रोचा मार्ग पूर्ण खुला झाला. या मार्गावर गिरगाव, दादर आणि शितळादेवी ही स्थानके आहेत. दोन वस्त्यांमधील जे अंतर १९२८ साली विजेच्या आगगाडीने कमी केले होते, ते पुन्हा एकदा कमी झाले आहे. परंतु १९२८ साली त्या गाडीत बसून दादरला ब्लॉक पाहावयास जाणाऱ्या कारकुनाच्या खिशात महिन्याचा पगार होता, आणि तेवढ्यावर तो दोन्ही किनाऱ्यांचा विचार करू शकत होता. प्रवासाची सोय वाढली, तरी ती ऐपत त्याच्या वारसांकडे परत आलेली नाही.